परफॉर्मन्स टायर: माप तेच, रबर वेगळं

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. गाडीसोबत आलेले टायर गोटा व्हायला आले तेव्हा मी त्याच मापाचे, पण अल्ट्रा हाय परफॉर्मन्स (पकडीला प्राधान्य देणाऱ्या) वर्गातले समर, म्हणजे कडक थंडीसाठी नसलेले, टायर चढवले. आता ते निम्म्याहून जास्त झिजलेत, म्हणजे मत द्यायला हरकत नाही. पावसातलं ब्रेकिंग उत्तम. स्टिअरिंग असं की गाडीच बदलल्यासारखी वाटते. आवाज आधीपेक्षा जास्त, आराम थोडा कमी. आयुष्य आधीच्या टायरांपेक्षा बरंच कमी, पण ते घेतानाच माहीत होतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातल्या नावाजलेल्या टायरांत आपसात जेवढा फरक असेल, त्याहून कितीतरी मोठा फरक साध्या टूरिंग टायरात (आराम आणि आयुष्य बघून बनवलेल्या) आणि या वर्गात आहे. लोक मला जे प्रश्न विचारतात तेही त्याच फरकाबद्दल असतात.

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न धाकट्या दिराचा. "वहिनी, एवढे चांगले टायर घ्यायचेच होते तर अठरा इंची का नाही घेतले?"

माझ्या गाडीचं माप २२५/४५ आर १७. रुंदी २२५ मिलिमीटर, साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के म्हणजे साधारण १०१ मिमी, आणि रिम १७ इंची. अठरावर जायचं तर २२५/४० घ्यावा लागतो आणि साइडवॉल येते ९० मिमीवर. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, ६३४ मिमीच्या जागी ६३७, त्यामुळे स्पीडोमीटरला विशेष कळतही नाही. पण या बदलात हाती काय आलं? रुंदी तीच. खड्डा आणि रिम यांच्यामधलं रबर मात्र ११ मिमीने कमी झालं. रिम बहुतेक वेळा जड होते. साइडवॉल आखूड झाल्याने वळणाच्या सुरुवातीला गाडी किंचित लवकर वळते, हे खरं. दिसायलाही छान. एखाद्याला तेवढंच हवं असेल तर माझी ना नाही, फक्त त्याला पकड म्हणू नका.

पकड येते कंपाउंडमधून, म्हणजे रबराच्या मिश्रणातून. रस्ता डोळ्याला सपाट दिसला तरी खडीची बारीक टोकं वर आलेलीच असतात. रबर त्या टोकांवर दबतं, त्यांच्याभोवती बसतं, आणि सुटताना घेतलेली सगळी ऊर्जा परत करत नाही. काही उष्णता होऊन जाते. पकडीचा मोठा भाग या तोट्यातूनच येतो. आता गंमत अशी की टायर सरळ फिरत असतानाही रबर दबतं आणि सुटतं, आणि तिथला तोटा इंधनाच्या खात्यावर पडतो. ही दोन टोकं एकत्र आणणं पूर्वी अवघड होतं. १९९०च्या दशकात ट्रेडच्या (रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या थराच्या) रबरात काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणात सिलिका आली आणि ओल्या रस्त्यावरची पकड वाढत असतानाच फिरण्यातला तोटा कमी करता आला. आजच्या चांगल्या टायराची खरी किंमत या मिश्रणात आहे, आणि ते बाहेरून बघून कळत नाही. सगळे काळेच.

याचाच जुळा प्रश्न: रुंद टायर म्हणजे जास्त रबर रस्त्यावर, बरोबर ना? ढोबळमानाने बघितलं तर नाही. टायर जिथे रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढा तुकडा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: त्या चाकावरचं वजन आणि आतली हवा. रुंदी वाढवली की तुकड्याचा आकार बदलतो, आडवा जास्त आणि लांबीला कमी. वळणावर याचा फायदा मिळतो. साचलेल्या पाण्यात तोटा होतो, कारण जास्त रुंदीतलं पाणी बाजूला सारायचं असतं आणि वेळ तेवढाच असतो. म्हणून टायर बदलताना पैसे कंपाउंडवर खर्च करावेत, मिलिमीटरवर आणि इंचांवर नाही, असं मी प्रत्येकाला सांगते. बहुतेकांना ते पटत नाही.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण "हे स्पोर्टी टायर पावसात घसरतात" हा समज फार पसरलाय. रेसिंगच्या गुळगुळीत, बिनखाचांच्या स्लिक टायरांवरून तो आला असावा. रस्त्यासाठीच्या परफॉर्मन्स टायराला खोल, रुंद उभ्या खाचा असतात आणि त्याचं कंपाउंड ओल्या रस्त्याचा विचार करूनच बनवलेलं असतं. माझ्या वापरात जुन्या आणि नव्या टायरांतला सगळ्यात मोठा फरक कोरड्या वळणांवर जाणवलाच नाही. जाणवला तो भिजलेल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबावा लागला तेव्हा. पूर्वी एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पायाखाली लवकर थरथरायला लागायचं. आता ते सुरू व्हायच्या आधीच गाडीचा वेग पुष्कळ उतरलेला असतो.

पण हे खाच शिल्लक असेपर्यंतच. नव्या टायरात साधारण ७ ते ८ मिमी खोली असते. कित्येक देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी आहे आणि खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे, झिजेच्या खुणा, त्याच उंचीचे असतात. ट्रेड त्यांच्या पातळीला आला की टायर संपला. साचलेल्या पाण्यात मात्र ३ मिमीच्या खाली गेल्यापासूनच फरक कळू लागतो, म्हणून मी १.६ ची वाट बघणार नाही. हवा कमी असली तर पाण्यावर तरंगणं आणखी लवकर सुरू होतं. विमानांच्या टायरांवर काम करताना नासाच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात एक सूत्र मांडलं: टायर पाण्यावर उचलला जाण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ते गाडीला ढोबळपणे लावलं तर खाच उरलेली नाही अशा टायरासाठी ३२ पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचं एकक) ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतात आणि २४ पीएसआयला सुमारे ८२. खाच असलेल्या टायराचा हिशोब वेगळा, पण दिशा तीच.

हवा किती भरायची? ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर जो स्टिकर असतो, त्यावर लिहिलेली. टायरच्या साइडवॉलवरचा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरायची नसते. हे सांगूनही ऐकत नाहीत असे लोक माझ्या घरातच आहेत. हवा थंड टायरात मोजायची. थोडं अंतर चालवल्यावर दाब वाढतो तो वाढू द्यायचा, तेव्हा हवा काढायची नाही. बाहेरचं तापमान ५-६ अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो, त्यामुळे ऋतू बदलताना तपासणं आलंच. आधीच्या मऊ टायरांत दोन-तीन पीएसआय कमी असले तरी मला कळायचं नाही. या टायरांत स्टिअरिंग लगेच सुस्तावतं. डोळ्यांनी बघून मात्र काहीच कळत नाही, कारण साइडवॉल कडक असते आणि हवा उतरली तरी टायर बसल्यासारखा दिसत नाही. हवा महिनोन्महिने न बघणाऱ्याने या वर्गाच्या वाटेला जाऊ नये.

नायट्रोजन भरावा का? साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पुढचा प्रश्न.

थंडीचा प्रश्न मात्र उडवून लावण्यासारखा नाही. समर कंपाउंड साधारण ७ अंशांच्या खाली कडक होत जातं आणि पकड उतरते. शून्याच्या आसपास तर हे टायर वापरूच नयेत, अतिथंडीत ट्रेडच्या ठोकळ्यांना चिरा पडू शकतात. बर्फ पडतो तिथे राहत असाल तर हिवाळ्याचा दुसरा संच ठेवा, नाहीतर ऑल-सीझन घ्या. माझ्याकडे पारा तितका उतरत नाही. तरी थंड सकाळी पहिले काही किलोमीटर टायर जरा लाकडी वाटतात आणि मी सावकाश निघते.

आता आयुष्य. "ट्रेडवेअर किती आहे?" असं विचारणारा माणूस थोडं वाचून आलेला असतो. अमेरिकेतल्या यूटीक्यूजी पद्धतीचा हा आकडा साइडवॉलवर असतो. टेक्सासमधल्या ठरलेल्या मार्गावर ७,२०० मैल गाडी चालवून, सोबत चालवलेल्या संदर्भ टायराच्या तुलनेत झीज किती झाली त्यावरून तो काढतात. १०० म्हणजे संदर्भाइतका, ३०० म्हणजे त्या हिशोबाने तिप्पट टिकणारा. पण तो आकडा कंपनी स्वतःच ठरवून छापते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांची करायला नाही. २०० वाले बहुतेक ट्रॅकसाठी. माझे ३०० च्या घरातले आहेत आणि आधीचे टूरिंग टायर त्याहून बरेच वरचे होते. प्रत्यक्षात झीजही तशीच आहे. पुढची चाकं ओढणारी गाडी असल्याने पुढचे टायर आधी जातात. माझा टायर असिमेट्रिक आहे, म्हणजे बाहेरच्या कडेला वळणासाठी मोठे ठोकळे आणि आतल्या बाजूला पाण्यासाठी जास्त खाचा. त्यामुळे "आउटसाइड" लिहिलेली बाजू बाहेर राहिली की चाकं पुढे-मागे, डावी-उजवी कशीही फिरवता येतात. बाणाची खूण असलेला डायरेक्शनल टायर असेल तर फक्त त्याच बाजूला पुढे-मागे. पुढे-मागे वेगळं माप असेल तर तेही जमत नाही.

आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन. या टायरांवर टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली ते) जराही बिघडला तर आतली कड गुपचूप खरवडली जाते, बाहेरून टायर नवा दिसत राहतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली बाजू बघायची सवय लावून घ्या.

दोनच टायर बदलले तर चालतील का? चालतात, पण दोन्ही एकाच जातीचे हवेत आणि नवे मागच्या चाकांना, गाडी पुढून ओढणारी असली तरी. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून बहुतेकांना गाडी सावरता येते, मागची घसरली तर फार थोड्यांना. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीला मात्र झिजलेल्या आणि नव्या टायरांची सरमिसळ मानवत नाही, कारण व्यास वेगळे पडले की ताण ट्रान्समिशनवर येतो.

तक्रारी. टायर चिकट असल्याने बारीक खडी उचलतो आणि ती मडगार्डच्या आत तडतडत राहते. पहिल्या महिन्यात मला सतत वाटायचं काहीतरी सैल झालंय. खरखरीत रस्त्यावर आत गुणगुण येते आणि टायर झिजेल तशी ती वाढत चाललीय. युरोपीय लेबलवर डेसिबलचा आकडा असतो, पण तो गाडीबाहेर मोजलेला. आत किती ऐकू येईल ते त्यावरून ठरवू नका. खड्ड्याची कड आता थेट पाठीपर्यंत येते. इंधनही किंचित जास्त लागतं, पण माझ्या पायाचा दोष त्यात किती ते वेगळं काढता येत नाही.

साइडवॉलवर मापाशेजारी छापलेल्या खुणेबद्दलही विचारतात. "९४ वाय म्हणजे ताशी तीनशे. कोण जातं तीनशेने?" कोणीच नाही. ९४ म्हणजे एका टायरावर ६७० किलोपर्यंत भार, वाय म्हणजे ३०० चा वेग. वेगाचं अक्षर हे टायर किती उष्णता सोसेल त्याचंही मोजमाप आहे. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्यापेक्षा खालचा भार किंवा खालचं अक्षर घ्यायचं नाही, एवढं पाळलं की पुरे.

पंक्चर झाल्यास ट्रेडच्या मधल्या भागात ६ मिमीपर्यंतचं भोक असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात बसणारा दांडा आणि आतून चिकटणारं ठिगळ एकत्र) लावून घ्यायचा. साइडवॉलला काही झालं किंवा फुगा आला तर टायर टाकून द्यायचा, "दोन महिने तरी चालेल" हे ऐकायचं नाही.

दीर आता स्वतःच्या गाडीसाठी याच वर्गातले टायर घेणार आहे, सतरा इंचीच. त्याला चार गोष्टी लिहून दिल्यात. साइडवॉलवर डीओटीच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाच: ३१२४ म्हणजे २०२४ चा ३१वा आठवडा, चारही टायरांचे आकडे जवळपासचे हवेत. "आउटसाइड" बाहेर आहे ना, ते गाडी जॅकवरून उतरायच्या आत बघ. नट शेवटी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) आवळून घे आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपास. आणि पहिले काही शे किलोमीटर वळणांवर आणि ब्रेकवर दमाने घे, नव्या रबराची वरची गुळगुळीत साय निघून जाईपर्यंत. चौथी गोष्ट तो पाळेल असं वाटत नाही.