यॉटला दोन व्हील की एकच?

40 फुटांच्या आसपासची शिडाची यॉट बघायला निघालात, तर हल्ली दोन व्हीलवाल्याच (व्हील म्हणजे नौका वळवायचं चाक) जास्त दिसतील. मी दोन्ही प्रकार वापरलेत. आधी पाच हंगाम दोन व्हीलची, आणि आता एका व्हीलच्या नौकेवर चौथा हंगाम चालू आहे.

दोन व्हीलचं सुख खरं आहे. नौका कलली की वरच्या बाजूला ऐसपैस बसून पुढचं शिड आणि येणारी लाट, दोन्ही दिसतात. मधून मागे जायची वाट मोकळी. एका मोठ्या व्हीलच्या नौकेत दरवेळी अंग चोरून सरकावं लागतं, आणि पाहुणे तोल गेला की हमखास व्हीलच धरतात.

'एक बिघडलं तर दुसरं आहेच' हे मात्र जरा जपून ऐका. सुकाणू, म्हणजे पाण्यातलं वळणारं पातं, एकच असेल, तर दोन्ही व्हील शेवटी एकाच क्वाड्रंटवर, म्हणजे त्या पात्याच्या दांड्यावरच्या कमानीसारख्या भागावर येतात. प्रत्येकाची केबल तिथपर्यंत स्वतंत्र जात असेल, तर एक तुटल्यावर दुसऱ्यावर परत येता येतं, अर्थात सुटलेली केबल कुठे अडकून बसली नाही तर. पण दोन्ही व्हील एकाच केबलच्या फेऱ्यात ओवलेली असली, की कुठेही तुटलं तरी दोघं एकदमच हात वर करतात.

माझा निर्णय मात्र एका पुलीनं केला. दोन व्हील म्हणजे केबलला वळणं जास्त, म्हणून पुल्याही जास्त. त्यातली एक मागच्या कप्प्याच्या तळाशी होती. तिथे पोचायचं तर फेंडर (नौका धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला टांगायचे फुगे), दोर, गुंडाळलेली डिंगी (हवेची छोटी होडी), सगळं बाहेर काढायचं, टॉर्च दातात धरायचा आणि डोकं खाली करून आत शिरायचं. मग केबलवरून चिंधी फिरवायची. तार तुटलेली असेल तर चिंधी अडकते. हे दर महिन्याला करायचं ठरवलं होतं. व्हायचं हंगामातून एकदा, तेही कसंबसं.

तिसऱ्या हंगामात व्हीलमध्ये दोन बोटांएवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा आला. रिकामं व्हील लाटेवर टक्-टक् करायचं. केबल ताणून घेतली, आवाज थांबला, मी खूश. पुढच्या हंगामात चिंधी अडकली. सात-आठ तारा तुटलेल्या, बरोबर त्याच पुलीपाशी. पुली कधीची जाम झाली होती आणि केबल तिच्यावरून नुसती घासत होती. मी वरून केबल ताणून त्यात भरच घातली होती.

आताच्या नौकेत पेडेस्टलमधून (व्हीलच्या खांबातून) साखळी, खाली केबल, दोन पुल्या, क्वाड्रंट. बस्स. एक झाकण उघडलं की सगळं समोर. दहा मिनिटांचं काम आहे, म्हणून होतं.

गिअरबॉक्स आणि दांड्यांवर चालणारी दोन व्हील मी फारशी चालवलेली नाहीत. तिथे केबल नसल्यानं माझी तक्रार बहुधा लागू पडणार नाही. हाताला जरा निर्जीव वाटली, पण तो सवयीचा भाग असेल. दोन सुकाणू असतील तर आणखी एक बघा: मधल्या एका प्रॉपेलरचं पाणी त्यांच्यावर आदळत नाही, त्यामुळे धक्क्याजवळ हळू वळताना घाम फुटतो.

माणसं बरीच असतील, कॉकपिट (मागची बसायची उघडी जागा) रुंद हवं असेल, तर दोन व्हील जरूर घ्या. फक्त आणीबाणीचा टिलर, म्हणजे व्हील निकामी झालं तर सुकाणू थेट फिरवायचा दांडा, एकदा लावून बघा. माझ्या जुन्या नौकेत तो मागच्या केबिनमधल्या गादीखाली बसायचा, म्हणजे तो धरणाऱ्याला समुद्रच दिसायचा नाही. दिशा वरून ओरडून सांगावी लागायची. आणि विकणाऱ्याकडून मागचा कप्पा रिकामा करून घ्या. ही नौका घेताना मी आधी तिथेच शिरलो, पुल्या हातानं फिरवल्या, आणि मग वर येऊन शिडं बघितली.