रीट घेऊन अकरा महिने झाले, 684 रुपये दीड महिना अडकले

रीट म्हणजे ऑफिस-मॉलसारख्या इमारतींच्या भाड्यात वाटा देणारी युनिट, शेअरसारखी बाजारात मिळतात; जास्त सांगत बसत नाही, अनुभव तेवढा लिहितो. कुपवाडला नोकरी, जमलेली शिल्लक 70 हजार. एवढ्यात सांगलीत काय येतंय? मिरजेकडं एक गुंठा बघितला, 1089 स्क्वेअर फूट, पण एनए (बिगरशेती) नाही, सातबाऱ्याला वेगळं नाव लागणार नाही म्हटल्यावर वडलांनीच नको म्हटलं. मारुती रोडला गाळा घ्यायची ऐपत नाही आणि 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांवर गेलेलं, तेव्हा तिथली दुकानं बुडालेली डोळ्यांनी बघितलीत.

2021 ला सेबीनं (शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) लॉट, म्हणजे कमीत कमी किती घ्यायचे तो आकडा, एका युनिटवर आणला म्हणून आपल्याला जमलं. आधी 40 हजारांचे घेतले, मग पगार झाला की चार-पाच युनिट. वाटण्याजोग्या रोकडीतली किमान 90 टक्के वाटायची रीटला सक्ती आहे, आणि माझ्या रीटचे पैसे दर तीन महिन्यांनी यायचे.

तिसऱ्या वेळी आलेच नाहीत. मधे बँकेचा आयएफएससी (शाखेचा कोड) बदललेला, मी ब्रोकरच्या ॲपमध्ये नवीन टाकला, ॲपमध्ये दिसतोयही, पण डिपॉझिटरीच्या (डीमॅट खाती जिथं असतात ती संस्था) रेकॉर्डला जुनाच! ब्रोकर म्हणतोय रजिस्ट्रारला (रीटच्या वतीनं पैसे वाटपाचं काम बघणारी कंपनी) विचारा, रजिस्ट्रार म्हणतोय ब्रोकरला, आणि दोघांच्या मधे मी डबा खायच्या सुट्टीत फोन कानाला लावून बसलोय. शेवटी एकानं क्लायंट मास्टर लिस्ट (डीमॅटला नोंदलेल्या आपल्या माहितीचा कागद) काढायला सांगितली तेव्हा चूक सापडली. ती लिस्ट पहिल्याच दिवशी बघा म्हणून सांगायला काय जात होतं? 684 रुपये कुणाला किरकोळ वाटतील, माझ्या घरी तेवढ्यात वीजबिल भागतं.

इथपर्यंत परवा लिहिलेलं, एकच स्टार देणार होतो. दुरुस्तीचा फॉर्म आणि कॅन्सल चेक दिलेलाच होता, आज सकाळी पैसे जमा झाले. त्यामुळं रीटला चार स्टार, ब्रोकरच्या सर्व्हिसला एकच. अडचण रीटची नव्हतीच, हे राग उतरल्यावर कळतंय.

एक स्टार कापला तो हिशोबासाठी. आलेल्या पैशात व्याज, डिव्हिडंड, रीटनं आपल्या कंपन्यांना दिलेल्या कर्जाची परतफेड असे तुकडे असतात, प्रत्येकाचा टॅक्स वेगळा, त्यामुळं ते स्टेटमेंट रिटर्न भरेपर्यंत जपून ठेवायचं. आणि एफडीसारखं समजू नका, भाव खालीही येतो, माझा दोन महिने खरेदीच्या खाली होता, तेव्हा विकला नाही.

पुढच्या महिन्यात आईच्या नावानं दहा युनिट घेणार आहे. तिच्या डीमॅटची क्लायंट मास्टर लिस्ट आधीच काढून आणलीय, आयएफएससी पासबुकाशी दोनदा ताडून बघितला.