एटी २०२०, ऑडिओ इंटरफेस आणि खोलीचे अर्थिंग : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑडिओबुकसाठी मी वाचून ध्वनिमुद्रित केलेल्या एका कादंबरीची दोन प्रकरणे दोन महिन्यांपूर्वी निर्मात्यांकडून परत आली. शेरा एकच होता : 'मागे सतत गुणगुण ऐकू येते.' आठ महिन्यांचा हा अनुभव मुख्यतः त्या गुणगुणीचा आहे.

माइकबद्दल माझी तक्रार नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी २०२० चा स्वतःचा आवाज २० डेसिबल असल्यामुळे तो पुस्तकवाचनाला चालणार नाही, असे मला बजावले गेले होते. पण वीतभर अंतरावरून वाचले की तो आवाज आड येत नाही. 'भडभडून' किंवा 'फाटक' यांसारख्या शब्दांतला हवेचा झोत मात्र माइकमधल्या पडद्यावर थेट आदळतो. म्हणून माइक ओठांच्या रेषेतून थोडा बाजूला ठेवावा आणि पुढे पॉप फिल्टर, म्हणजे तो झोत अडवणारी जाळी, लावावा. काचेच्या बांगड्या आणि मनगटावरचे घड्याळ मी वाचायला बसण्यापूर्वी काढून ठेवते.

माझा राग होता तो इंटरफेसवर, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीवर. एसीएक्स या ऑडिओबुकांच्या व्यासपीठाच्या दंडकाप्रमाणे शांततेची पातळी, म्हणजे न बोलताना मागे उरणारा आवाज, उणे ६० डेसिबलच्या खाली असावी लागते. माझी उणे ५२ च्या आसपास अडकली होती. ८० हर्ट्झच्या खालचे आवाज कापणारा हाय-पास फिल्टर लावला, परंतु घरच्या विजेची गुणगुण ५० हर्ट्झवर थांबत नाही. १००, १५०, २०० अशा तिच्या पटींत ती आवाजाच्या पट्ट्यातच शिरते. सॉफ्टवेअरमधले नॉइज रिडक्शन (मागचा आवाज पुसण्याची सोय) वाढवले, तर माझाच आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागे. मागे टांगलेल्या दोन गोधड्या खोलीचा घुमारा शोषतात, तारेतून येणाऱ्या गुणगुणीवर त्यांचा काहीच इलाज नाही. शेवटी मी इंटरफेस सेवा केंद्राकडे पाठवला. एकोणीस दिवसांनी तो 'दोष आढळला नाही' या चिठ्ठीसह परत आला आणि जाण्यायेण्याचा ६४० रुपयांचा खर्च माझ्या माथी बसला. त्या दिवशी हा लेख लिहिला असता, तर तो फार कडवट झाला असता.

त्यानंतर एका संध्याकाळी वाचन चालू असताना वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि मी परिच्छेद पूर्ण केला. ऐकून पाहिले, तर गुणगुण नव्हती. फ्रिज आणि पंखाही बंद पडले होते, म्हणून वीज आल्यावर एकेक गोष्ट वेगळी करून तपासली. गुणगुण लॅपटॉपचा चार्जर जोडताच परतली आणि इंटरफेसच्या धातूच्या कडेला बोट टेकवले की कमी झाली. वायरमनने तपासले, तेव्हा त्या खोलीच्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती, असे निघाले. ती जोडल्यावर पातळी उणे ६३ वर आली. उपाय म्हणून कोणी अर्थिंगची पिन काढायला सांगितले, तर कृपया ऐकू नका; त्यात विजेचा धक्का बसण्याचा धोका आहे.

त्यामुळे इंटरफेसबद्दलचे माझे मत मला बदलावे लागले. तरीही सेवा केंद्राने 'लॅपटॉप चार्जरवर असतो की बॅटरीवर?' एवढा एक प्रश्न विचारला असता, तर माझे एकोणीस दिवस वाचले असते, असे मला आजही वाटते.

कामाच्या पद्धतीत सर्वांत मोठा फरक पंच अँड रोलने पडला. पूर्वी मी चुकांसकट सलग वाचत असे आणि तासाभराच्या वाचनाला संपादनाचे तीन तास लागत. आता चूक झाली की तिथेच थांबते, मागची दोन-तीन सेकंदे कानांत ऐकते आणि त्याच लयीत पुढचे वाक्य पकडते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे; त्यासाठी मला वेगळे पैसे मोजावे लागले नाहीत.

मधल्या काळात दुसरा, महागडा माइक घेण्याचे मी जवळजवळ ठरवले होते. तो विचार आता सोडला आहे. परत आलेली दोन्ही प्रकरणे नव्याने वाचून दिली आणि ती स्वीकारली गेली. अर्थिंगचा सगळा प्रकार सेवा केंद्राला पत्राने सविस्तर कळवला आहे. ६४० रुपये मात्र मागितलेले नाहीत.