लाल गोळी की सलाईनमधून लोह?

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की ॲनिमिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२.२ टक्के गरोदर बायका त्यात निघाल्या.

उपकेंद्रात फुकट मिळणारी लाल गोळी म्हणजे ६० मिलीग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस. ॲनिमिया असेल तर दोन. स्वस्त आणि घरबसल्या. पण खरी गोची पोटात गेल्यावर. मळमळ, बद्धकोष्ठता, काळी शी. शी काळी होणारच, हे आधी कोणी सांगितलेलं नसतं, मग बाई घाबरते आणि पाकीट फडताळात डाळीच्या डब्यामागे जातं. त्यात गोळी चहाबरोबर घेतली की लोह धड अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा तास-दोन तासांनी. (आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड!)

शिरेतून दिलेलं लोह पोटाला वळसा घालतं. यातल्या आयर्न सुक्रोज या औषधासाठी चार-पाच खेपा लागतात. फेरिक कार्बोक्सीमाल्टोज या दुसऱ्या औषधाचे १००० मिलीग्रॅम साधारण पंधरा मिनिटांत जातात. मात्र पहिल्या तीन महिन्यांत हे देत नाहीत, आणि क्वचित रिॲक्शन येते म्हणून दवाखान्यातच घ्यायचं.

माझं मत: चौथ्या-पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन ९-१० असेल तर गोळीच, महिन्याने पुन्हा तपासणी. आठवा लागलाय, किंवा आकडा ७ च्या खाली, तर गोळीची वाट बघू नका, डॉक्टरांना सलाईनचं विचारा.