एमआयडीसीतली असोसिएशन, कोल्हापूर चेंबर की पुण्या-मुंबईचं चेंबर? मेंबर कुठं व्हायचं

नवीन शेड घेतली, दोन मशिनी टाकल्या, की पोरं हमखास विचारतात, मेंबर कुठं होऊ. आपल्याकडं एक तर एमआयडीसीतली असोसिएशन, म्हणजे शिरोलीला स्मॅक, गोकुळ शिरगावला गोशिमा, कागल-हातकणंगलेला मॅक, दुसरं कोल्हापूर चेंबर, म्हणजे शहरातल्या व्यापारी-उद्योजकांची संघटना, आणि तिसरं पुण्या-मुंबईची मोठी चेंबर्स. सत्कार, फोटो, निवेदनं सगळीकडं सेम, त्यावर जाऊ नका. तुमचं काम कुठल्या टेबलावर अडतंय ते बघा.

रस्ता, पाणी, ड्रेनेज, लाईट ह्यात असोसिएशनला तोड नाही राव. फर्नेसमध्ये मेटल वितळलेलं असताना लाईट गेली की काय होतंय हे फाउंड्रीवाल्याला सांगायला नको, माल आतच गोठायला लागतो, भट्टीच्या आतल्या अस्तराची, लाइनिंगची वाट लागते, आणि अशा टायमाला भिंतीवरचं मुंबईच्या चेंबरचं मेंबरशिप सर्टिफिकेट काय कामाचं, तिथं त्याच फीडरवरच्या, म्हणजे एकाच वीजवाहिनीवरच्या कारखानदारांनी एकदम फोन लावलेलाच चालतो.

पण विजेचा दर काय शिरोलीत ठरत नाही. तो ठरतो मुंबईत, कफ परेडला, वीज नियामक आयोगापुढं हरकती, सुनावणी होऊन. हरकत एकटा माणूसपण देऊ शकतो, पण आकडे घेऊन नीट भांडायचं तर मागं मोठी संघटना लागते. तिथं महाराष्ट्र चेंबर उपयोगी, 1927 साली वालचंद हिराचंदांनी काढलेलं. पुण्याचं मराठा चेंबर 1934 चं, ट्रेनिंग भारी असतंय, एक्सपोर्टवाल्याला ओळखी पण मिळतात. फक्त पुण्याच्या चेंबरला आधी पुण्याची काळजी असणार, त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

कोल्हापूर चेंबर खरं तर पेठेतल्या माणसाचं. गूळ, कापड, भुसार, सराफी असला धंदा असेल तर दुसरीकडं बघूच नका. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे, विमानसेवा असल्या अख्ख्या शहराच्या मागण्या एकट्या एमआयडीसीच्या नावानं जोर धरत नाहीत. हायकोर्टाच्या सर्किट बेंचचंच बघा, लढा वकिलांचा, पण शहर मागं उभं होतं, ऑगस्ट 2025 ला सुरू झालं.

आणि नुसतं पार्टीनं पेमेंट अडकवलंय म्हणून मेंबर होणार असाल तर थांबा. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा आधी. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं हा 2006 चा कायदाच आहे, तक्रार त्याच कायद्यातल्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडं टाकता येते, त्याला कुठल्या संघटनेची पावती लागत नाही.

माझं मत विचाराल तर मशीन शॉप, फाउंड्रीवाल्यानं पहिली असोसिएशनच घ्यावी, मोठं चेंबर एक्सपोर्टची ऑर्डर दिसायला लागल्यावर. फॉर्म भरताना मतदानाचा हक्क मिळतोय की नुसतं असोसिएट मेंबर करतायत ते विचारून घ्या, कारण निवडणुकीत पॅनेलवाले शेडवर येतात, तेव्हा गेटसमोरच्या खड्ड्याचा विषय लगेच निघतो.