आधी कुणाचा अभ्यास करावा, लिसाचा की मॅकिन्टॉशचा?

सुरुवातीच्या ग्राफिकल इंटरफेसचा, म्हणजे विंडो, चित्रं आणि माउस यांनी संगणक चालवण्याच्या पद्धतीचा, मुळापासून अभ्यास करायला निघालेले बरेच जण ॲपलच्या या दोन यंत्रांपाशी अडतात. मीही अडलो होतो. हे इंटरफेस आधी झेरॉक्स पार्क या संशोधन प्रयोगशाळेत आकाराला आले, ती गोष्ट इथे सांगत बसत नाही, थेट निवडीकडे येतो.

वरवर पाहता लिसाचं पारडं जड आहे. जानेवारी २०२३मध्ये, तिला चाळीस वर्षं झाली तेव्हा, कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने तिचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरांनी लिहिलेला मूळ मजकूर) अभ्यासासाठी खुला केला. मॅकच्या बाबतीत २०१०मध्ये त्यांच्याकडून मॅकपेंट हा चित्रं काढायचा प्रोग्रॅम आणि क्विकड्रॉ हा पडद्यावर चित्र उमटवणारा कोड, तेवढेच मिळाले. शिवाय लिसाची कल्पनाच मला फार आवडते. तिथे आधी प्रोग्रॅम उघडावा लागत नाही. कोऱ्या कागदांच्या पॅडवर डबल-क्लिक केलं की एक कागद सुटून येतो, त्यावर लिहायचं आणि बाजूला ठेवायचा. वेगवेगळी कामं एकाच वेळी उघडी राहतात. १९८४च्या मॅकला एका वेळी एकच प्रोग्रॅम झेपायचा. म्हणून मी आधी लिसाच हातात घेतली.

माझा प्रश्न साधा होता. वरची विंडो सरकवली की खालच्या विंडोचा झाकलेला भाग परत येतो कुठून? तीन आठवडे मी पास्कल आणि असेंब्ली या प्रोग्रॅमिंगच्या भाषांतल्या फाइलींच्या ढिगात शोधत होतो. शेवटी कोड सापडला, पण तो तसाच का लिहिलाय हे सांगणारं शेजारी कुणी नव्हतं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

मग १९८५मध्ये ॲडिसन-वेस्लीने काढलेल्या 'इनसाइड मॅकिन्टॉश' या प्रोग्रॅमरांसाठीच्या ॲपलच्या संदर्भग्रंथाचा पहिला खंड उघडला. विंडो मॅनेजरच्या, म्हणजे विंडो सांभाळणाऱ्या सिस्टिमच्या भागाच्या, प्रकरणात एका संध्याकाळी उलगडा झाला. झाकलेले पिक्सेल कुठे साठवलेलेच नसतात! उघडा पडलेला भाग सिस्टिम 'अपडेट रीजन'मध्ये जमा करते आणि प्रोग्रॅमला निरोप धाडते. मग प्रोग्रॅम 'बिगिनअपडेट' आणि 'एंडअपडेट' या दोन आज्ञांच्या मध्ये चित्र पुन्हा काढतो, आणि प्रत्यक्षात तेवढाच तुकडा रंगतो. ५१२ × ३४२ पिक्सेलच्या पडद्याला २१,८८८ बाइट लागतात, म्हणजे १२८ केबी मेमरीचा जवळजवळ सहावा हिस्सा. झाकलेली चित्रं जपायला जागा आणणार कुठून? मिनी व्हीमॅक या एम्युलेटरवर (आजच्या संगणकावर जुन्या मॅकची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) वेग मूळचा ठेवून विंडो सरकवा. आधी पांढरं ठिगळ दिसतं, मग ते भरत जातं.

हा ग्रंथ सोपा आहे असं मी म्हणणार नाही. जवळपास प्रत्येक प्रकरण सुरुवातीलाच आधी काय माहीत हवं त्याची यादी पुढे करतं, आणि त्या यादीत क्विकड्रॉ बहुतेक वेळा असतंच. पण निदान कुठून यायचं ते तरी कळतं. प्रोग्रॅमिंगच्या आधी इंटरफेस कसा असावा यावर अख्खं प्रकरण आहे, तेही सोडू नका. आणखी एक, मिनी व्हीमॅक सहसा १९८६च्या मॅक प्लसची नक्कल करतो आणि त्याला मूळ मॅकच्या रॉमची (यंत्रातच कायम साठवलेल्या सिस्टिम कोडची) प्रत लागते.

जुना सिस्टिम कोड वाचायची सवय असेल तर लिसापासून सुरुवात करायलाही हरकत नसावी. बाकीच्यांना मी आधी मॅकच सुचवेन. सहा महिन्यांनी मी लिसाच्या कोडकडे परतलो तेव्हा पूर्वी अनोळखी वाटलेली नावं ओळखीची निघाली, कारण दोन्हीकडचं चित्रकाम ॲपलचे प्रोग्रॅमर बिल ॲटकिन्सन यांच्या क्विकड्रॉवरच उभं आहे.