टिळकवाडीतलं खाऱ्या पाण्याचं फिश शॉप: दुकान झकास, पण पाटी बदला (५ पैकी ४ स्टार)

रविवारी पोराला घेऊन टिळकवाडीतल्या एका फिश शॉपला गेलतो. गोड्या पाण्याचे मासे काय सगळीकडं मिळतात, पण ह्यांच्याकडं खाऱ्या पाण्याच्या दोन टाक्या आहेत, बेळगावात उभं राहून समुद्रातलं बघायला मिळतंय म्हटल्यावर आमचा पाय तिथनं हलेना बघा. एकीत लांब काट्यांचा काळा सी अर्चिन आहे, डायडेमा जातीचा, समुद्रातलं साळिंदरच म्हणा की. मालकांनी आपणहून टाकीची लाईट घालवली, तासभर थांबा म्हणाले, आणि नंतर टॉर्च मारून बघितलो तर कोळशासारखा काळा दिसणारा तो प्राणी फिक्का राखाडी झालेला! कातडीतल्या रंगपेशींतला रंग उजेडात पसरतो, अंधारात आकसतो. एवढा वेळ देऊन कोण दाखवतंय हो गिऱ्हाइकाला.

वाळलेली कवचं पण विकायला ठेवलीत. त्यातली भडक गुलाबी घेऊ नका, ती वरनं रंगवलेली आहेत. आमचं घर वडगावचं, साड्यांच्या सुताला रंग देण्यात दोन पिढ्या गेल्या, चढवलेला रंग लगेच कळतो. मळकट जांभळी आणि हिरवट आहेत ती अस्सल, मी १५० रुपयाला एक जांभळं घेतलो, काटे सुट्टे पुडीत बांधून दिले.

आता एक स्टार का कापला ते सांगतो. टाकीवर पाटी लावलीय की ह्याला रंग शेवाळ खाऊन येतो. तसं नाही हो ते! सी अर्चिन काट्यांचा रंग स्वतः तयार करतो. दोन-दोन कार्बनचे तुकडे एकाला एक जोडत साखळी विणायची, ती वळवून दोन कड्या करायच्या, मग त्यावर ऑक्सिजन चढवायचा, हे सगळं त्याच्या पेशीतच होतं. त्यातनं निघतात एकिनोक्रोम आणि स्पिनोक्रोम हे रंग. जात नॅफ्थोक्विनोन, म्हणजे आपल्या मेंदीतलं लॉसोन ज्या घराण्यातलं त्याच घराण्यातलं! हे मला कळलं तेव्हा दोन दिवस घरात येईल त्याला सांगत होतो. एकिनोक्रोम तर १८८० च्या दशकातच मॅकमन नावाच्या इंग्लंडातल्या डॉक्टरनं नोंदवलेलं. २००६ मध्ये जांभळ्या सी अर्चिनचा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या जीन्सचा आराखडा, वाचून झाला, आणि त्यातलं साखळी जोडणारं पीकेएस जीन बंद पाडलं की पिल्लं बिनरंगाची होतात हे प्रयोगात दिसलंय. खाण्यातनं येत असता तर जीन बंद करून काय फरक पडला असता?

पाटी अगदीच खोटी पण नाही. आतला केशरी भाग, जो जपानात आवडीनं खातात, त्याचा रंग शेवाळातल्या कॅरोटीनवरनं येतो, तारामाशाचं पण बरंचसं तसंच. पण काट्यांचं वेगळं हो, आणि पाटी काट्यांच्या टाकीवर आहे.

हा रंग नुसता दिसण्यापुरता पण नाही. अंगात जंतू शिरले की लाल पेशी तिथं जमतात आणि एकिनोक्रोम सोडतात, ते जंतूंना मारतं. रशियात त्यापासनं डोळ्याचं आणि हृदयाचं औषधसुद्धा बनवलंय.

घरी एक काटा व्हिनेगरमध्ये टाकून ठेवलो. लगेच बुडबुडे, कारण काटा म्हणजे चुनखडी, ती विरघळायला लागली की आत अडकलेला रंग सुटतो. सकाळी पाणी हलकं गुलाबीसर झालेलं. ह्यांचा रंग काट्याच्या आतपर्यंत मुरलेला असतो, वरनं खरवडून जाणारा नाही. पोरगं शाळेत घेऊन गेलं ती बाटली.

मालकांना पाटीचं सांगितलो तर वाईट वाटून न घेता वही काढून लिहून घेतलं त्यांनी. जायचं असेल तर संध्याकाळी जावा, दुकान बंद व्हायच्या तासभर आधी, आणि लाईट घालवून दाखवा म्हणून आठवणीनं सांगा. टाकीच्या काचेवर मात्र टकटक करू नका, पोरांना पण करू देऊ नका. पुढच्या रविवारी मी परत जाणार आहे, हिरव्या कवचाचे तुटलेले काटे बाजूला ठेवा म्हणून सांगून आलोय.